यादी एक, घर दुसरंच

घर शोधायला आलेली मंडळी पहिल्या भेटीत जी यादी सांगतात ती मी वहीत उतरवून घेते आणि वर तारीख टाकते. तारीख टाकायची कारण ती यादी त्या दिवसापुरतीच खरी असते. चार घरं बघून झाली की तिच्यातल्या निम्म्या ओळी खोडल्या जातात, एक-दोन नव्या येतात, आणि निघता निघता दारात सांगितलेली एखादी अट सगळ्यात वर जाऊन बसते. आमच्या धंद्यात याला 'पार्टी फिरली' म्हणतात आणि नाक मुरडतात. माझा अनुभव उलटा आहे. ज्यांची यादी कधीच बदलत नाही ते बहुतेक वेळा घर घेतच नाहीत. यादी हलायला लागली की समजावं, ही माणसं आता प्रत्येक घरात मनातल्या मनात राहून बघतायत.

गेल्या वर्षी ज्या कुटुंबाचं काम केलं त्यांचंच सांगते. नवरा, बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि नवऱ्याची आई. नवऱ्याने यादी भेटीआधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. तीन बेडरूम. मोठा हॉल. वरचा मजला, 'दहाच्या वर असेल तर उत्तम'. नवी इमारत. दोन गाड्यांचं पार्किंग. ऑफिस अर्ध्या तासाच्या आत. थोड्याफार फरकाने सगळे हेच पाठवतात, आणि घरांच्या वेबसाइटवर जसे रकाने असतात तसंच, त्याच क्रमाने पाठवतात. वेबसाइट मोजता येईल तेवढंच विचारते. लोकांनाही मग आपली गरज त्याच रकान्यांत मांडायची सवय लागते.

म्हणून 'काय हवंय' यावर मी फार वेळ घालवत नाही. 'आत्ताच्या घरात कशाचा वैताग येतो?' असं विचारते. त्यावर माणसं मोकळी होतात. नवरा म्हणाला, "मॅडम, माझा कॉल चालू असतो आणि मागे मिक्सर सुरू होतो. समोरचे लोक हसतात." बायको म्हणाली, "ताई, रात्री गाड्या. खिडकी उघडली की झोप नाही, बंद केली की गुदमरायला होतं." आजी तेवढ्यात म्हणाल्या, "मला दुपारी जरा आडवं व्हायला जागा नाही हो. जिथे पडावं तिथे हा लॅपटॉप घेऊन बसलेला." सगळे हसले आणि विषय पुढे गेला. मी ते लिहून घेतलं. मुलगी मोबाइलमध्ये होती.

आता या तीन तक्रारी आणि ती यादी शेजारी शेजारी ठेवून बघा. मोठ्या हॉलने यातली एकही तक्रार सुटत नाही. नव्या इमारतीनेही नाही.

२०२० च्या आधी माझ्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता, ऑफिस किती लांब. त्या वर्षी घरं बंद झाली, माणसं आत अडकली आणि प्रश्नच बदलला. बाल्कनी आहे का, कामाला बसायला कोपरा आहे का, इंटरनेट कोणाचं येतं. काही लोक तर शहराच्या टोकाला, मोकळ्या जागेत घर बघा म्हणायला लागले. मग ऑफिसं हळूहळू उघडली, आठवड्यातून दोन-तीन दिवस जाणं आलं, आणि आता जुना प्रश्न आणि नवा प्रश्न दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून येतात. घर जवळही हवं आणि कामाला स्वतंत्र खोलीही हवी. बजेट मात्र तेच.

यावर आमच्या लोकांनी काय केलं? बहुतेकांनी घरं तीच ठेवली आणि जाहिराती बदलल्या. अडगळीच्या खोलीला 'स्टडी' म्हणायला लागले. बाल्कनीत एक टेबल आणि कुंडी ठेवून फोटो काढला की झाली 'वर्क फ्रॉम होम स्पेस'. दुपारी त्या टेबलावर लॅपटॉपचा स्क्रीन दिसत नाही इतकं ऊन असतं, पण फोटो सकाळी काढलेला. व्हिडिओ टूर ही त्याच काळातली देणगी. ती चांगली आहे, पण तिचा उपयोग मी घर नाकारण्यापुरताच करते. रुंद लेन्सने दहा फुटांची खोली चौदा फुटांची वाटते. आणि ओल, लिफ्टची खडखड, शेजारच्या जनरेटरचा वास यातलं काहीच व्हिडिओत उतरत नाही. व्हिडिओ बघून 'हे नको' म्हणणाऱ्याच्या दोन फेऱ्या वाचतात. 'हेच हवं' म्हणणाऱ्याला मात्र मी तिथे उभं केल्याशिवाय सोडत नाही.

घरं दाखवण्याच्या क्रमाला आमच्या धंद्यात फार महत्त्व. जुना डाव असा की आधी एक रद्दी घर दाखवायचं, मग त्याच भावातलं बरं घर. बऱ्याला आपोआप उठाव येतो. १९८२ मध्ये जोएल ह्युबर, जॉन पेन आणि क्रिस्टोफर पुटो या संशोधकांनी हे रीतसर मांडलं: दोन पर्यायांत एकाहून उघड उघड कमी दर्जाचा तिसरा आणून ठेवला की लोकांचा कल त्या एकाकडे झुकतो. दलालांना हे कोणी शिकवायला लागलं नव्हतं. मी तो डाव खेळत नाही, आणि ते काही मी फार सज्जन आहे म्हणून नव्हे. त्या डावाने सौदा होतो, पण पार्टीला नेमकं काय हवंय हे मला कळत नाही. पुढच्या वेळी तिच्या बहिणीसाठी घर बघायचं असतं.

माझी पद्धत म्हणजे पहिलं घर यादीबरहुकूम. एकही अट मोडायची नाही, मग ते घर त्यांना आवडणार नाही याची मला कितीही खात्री असो. यादी तोंडी वादाने मोडत नाही, घरात पाय ठेवल्यावरच मोडते. त्यानंतरच्या प्रत्येक घरात एकच अट मोडायची, बाकीच्या जशाच्या तशा. म्हणजे तोंड वाकडं झालं तर कशाने झालं ते समजतं.

तर यांना पहिलं दाखवलं बाराव्या मजल्यावरचं, नवं कोरं, तीन बेडरूमचं घर. हॉलमध्ये शिरताच नवरा खूश. थेट बाल्कनीत गेला. बायको स्वयंपाकघरात. आजी लिफ्टसमोरच्या खुर्चीवर बसून राहिल्या, कारण दोनपैकी एक लिफ्ट बंद होती आणि दुसरीची वाट बघण्यात त्यांचे पाय दुखले होते.

तिसऱ्या बेडरूमशी मात्र मी सगळ्यांना गोळा केलं. खोली नऊ बाय आठ. नकाशावर त्यात पलंग काढलेला होता आणि तो अगदी नीट बसत होता, कारण नकाशावरचा पलंग नकाशा काढणाऱ्याच्या मर्जीने लहान होतो. मी पिशवीतून कागदी चिकटपट्टी काढली. ती मी कायम जवळ ठेवते. फरशीवर डाग न ठेवता निघते. सहा फूट रुंद, साडेसहा फूट लांब असा डबल बेड जमिनीवर आखला. लांबीच्या बाजूने उरले अडीच फूट, रुंदीच्या बाजूने दोन. कपाटाची खोली दोन फूट. मग नवऱ्याला म्हटलं, "सर, आता या कपाटाचं दार उघडून दाखवा." त्यांनी हवेतच दार उघडायचा प्रयत्न केला आणि पट्टीवर, म्हणजे पलंगावर, उभे राहिले. मुलीने पहिल्यांदाच मोबाइलमधून मान वर केली. "बाबा, ही माझी खोली असेल तर मी कपाटात झोपू?"

त्या दिवशी 'तीन बेडरूम' या अटीचा अर्थ बदलला. घरी जाताना बायको म्हणाली, तिसरी खोली बेडरूम नसली तरी चालेल, पण तिला दार पाहिजे. मी वहीत 'तीन बेडरूम' खोडलं नाही. शेजारी बाण काढून 'दोन चांगल्या, अधिक एक दाराची' असं लिहिलं. खोडलेलं परत येतं, त्यामुळे बाण बरा.

मग वरच्या मजल्याची गोष्ट. ही अट मला पहिल्यापासून संशयास्पद वाटत होती, कारण एकीकडे आजींचे गुडघे आणि दुसरीकडे दहावा मजला हे जुळत नव्हतं. विचारलं तर कळलं, वर गेलं की आवाज कमी होईल असं बायकोला वाटत होतं. हा फार सार्वत्रिक समज आहे. वाहता रस्ता हा आवाजाचा लांबलचक स्रोत. त्याच्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ३ डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल एवढाच. रस्त्याच्या तोंडावर उभ्या असलेल्या इमारतीत दहा मजले चढून फार काही पदरात पडत नाही. उलट खालचं झाड, भिंत, टपरी यांचा आडोसाही सुटतो आणि दूरवरचा रस्ताही ऐकू यायला लागतो. इमारतीच्या मागच्या बाजूला मात्र अख्खी इमारतच मध्ये उभी असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये जी मार्गदर्शक मर्यादा दिली ती रस्त्याच्या आवाजासाठी दिवस-संध्याकाळ-रात्र मिळून ५३ डेसिबल, आणि रात्रीसाठी ४५. मोबाइलमधली आवाज मोजणारी अ‍ॅप्स इतकी अचूक नसतात, पण एकाच फोनने दोन खिडक्यांची तुलना करायला पुरतात. मी त्यांना रात्री नऊला बोलावलं. एकाच इमारतीत आधी रस्त्याकडचा अकरावा मजला, मग मागच्या बाजूचा तिसरा. दोन्हीकडे खिडकी उघडी, फोन कठड्यावर, आणि कोणी बोलायचं नाही. आकडा बघायची गरजच पडली नाही. तिसऱ्या मजल्यावर बायकोने दोन मिनिटांनी विचारलं, "हे घर विकायचंय का?" ते विकायचं नव्हतं, भाड्याचं होतं. मी फक्त खिडकीसाठी नेलं होतं. पण 'वरचा मजला' गेला आणि 'मागची बाजू, लिफ्ट बंद पडली तरी आजींना चढता येईल एवढाच मजला' हे आलं.

रात्री घर दाखवायला आमचे बरेच सहकारी नाखूश असतात. म्हणतात, अंधारात घर उदास दिसतं. दिसू दे की. माणसं तिथे रात्रीच राहणार असतात.

नवरा-बायकोंच्या आवडी एकाच वेळी आणि एकाच दिशेने बदलत नाहीत, ही गोष्ट नवे एजंट फार उशिरा शिकतात. मी दोघांची पानं वेगळी ठेवते. यांच्यात नवरा आकड्यांनी बदलत होता. कर्जाचा हप्ता, चौरस फूट, गाडीचे किलोमीटर. बायको जागेवर उभं राहून बदलत होती. तिला काय वाटतंय हे मला घरात कधीच कळलं नाही, परतीच्या गाडीत कळायचं. नवरा पुढे चालवत असायचा आणि ती मागून, जणू स्वतःशीच, म्हणायची, "ओट्यासमोरची भिंत जरा अंगावर येत होती." हे वाक्य मी टिपून ठेवायचं, पण नवऱ्याला 'मॅडमना ओटा आवडला नाही' असं सांगायचं नाही. एकाचं बोलणं दुसऱ्याकडे नेणारा एजंट दोन दिवस उपयोगी वाटतो, मग त्याच्यासमोर दोघंही गप्प होतात.

मध्येच एक फिरकी आली. कुठल्याशा नव्या प्रकल्पाचा सॅम्पल फ्लॅट ते परस्पर बघून आले आणि यादी एका दिवसात उलटीपालटी झाली. आता क्लबहाउस हवं, पोहण्याचा तलाव हवा, नवी इमारतच हवी. अशा वेळी एजंट दोनपैकी एक करतो. एक तर 'हो सर, अगदी' म्हणून तसल्या प्रकल्पांच्या लिंकांचा पाऊस पाडतो, नाहीतर 'तुमचं काही खरं नाही' म्हणून फोन घ्यायचं कमी करतो. मी काहीच केलं नाही, आठवडाभर थांबले. शोभेसाठी सजवलेलं घर बघून आलेल्या माणसाशी त्याच संध्याकाळी वाद घालू नये. तिथल्या खोल्यांना बहुधा दारंच लावलेली नसतात, पलंग बेताचा, कपाटं उथळ, समोर अख्ख्या भिंतीचा आरसा आणि एसी चालू. आठवड्याने मी एवढंच विचारलं की आत्ताच्या इमारतीतल्या जिमला शेवटचं कोण गेलं होतं. आणि त्या प्रकल्पाचा दरमहाचा देखभाल खर्च कर्जाच्या हप्त्यात मिळवून त्यांच्यासमोर ठेवला. तलाव यादीतून गेला. मात्र त्या भेटीतून एक गोष्ट खरी निघाली. नवऱ्याला पुढची गाडी विजेवरची घ्यायची होती आणि पार्किंगमध्ये चार्जरची सोय बघायची होती. ती अट मी ठेवून घेतली. तिथेही 'सोय आहे' या उत्तरावर थांबायचं नसतं; ७ किलोवॅटच्या चार्जरला स्वतंत्र वायरिंग लागतं, आपल्या मीटरपासून आपल्या जागेपर्यंत ती तार नेऊ देतात का, आणि इमारतीचा मंजूर वीजभार तेवढा आहे का, हे लेखी विचारावं लागतं.

आता पैशाबद्दल, कारण ते झाकून ठेवलं तर वर सांगितलेल्या कशालाच अर्थ नाही. आमची दलाली सौद्याच्या रकमेवर टक्क्याने. म्हणजे पार्टीची आवड बदलली की आम्हाला सुचणारं सगळ्यात सोपं उत्तर 'बजेट थोडं वाढवा' हेच असतं. पण त्याहून मोठा मोह लवकर उरकण्याचा. घर थोडं महाग गेल्याने माझ्या हातात जास्तीचं पडतं ते अगदी किरकोळ. सौदा पुढच्या महिन्यावर गेला तर मात्र तो महिना कोरडा. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन यांनी शिकागोच्या उपनगरांतले सौदे तपासून २००८ मध्ये हे आकड्यांत दाखवलं. एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा ते गिऱ्हाइकाच्या तशाच घरापेक्षा सुमारे साडेनऊ दिवस जास्त थांबतं आणि ३.७ टक्के जास्त किमतीला जातं. स्वतःसाठी थांबायला जमतं, दुसऱ्याला मात्र 'घेऊन टाका', 'देऊन टाका' म्हटलं जातं. 'टाइमपास पार्टी' हा शब्द इथूनच निघाला असावा.

किमतीच्या बाबतीत तर आमच्या अनुभवाचाही भरवसा धरू नये. १९८७ मध्ये ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी टूसॉनमधल्या एजंटांना एक खरंखुरं घर फिरवून दाखवलं आणि हातात दिलेल्या कागदावर मागणीची किंमत मात्र कोणाला कमी, कोणाला जास्त छापली. बाकी माहिती सगळ्यांना तीच. ज्यांना जास्त आकडा दिसला त्यांनी घराची किंमत जास्त धरली. गंमत म्हणजे हौशी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी मागणीची किंमत विचारात घेतल्याचं मान्य केलं, एजंटांनी मोठ्या संख्येने नाकारलं. मला विचारलं असतं तर मीही नाहीच म्हटलं असतं. म्हणून मालकाचा आकडा ऐकण्याआधी त्याच इमारतीतले आणि आजूबाजूचे अलीकडे नोंदलेले व्यवहार काढून माझा अंदाज वहीत लिहून ठेवते. मग मालक काही का बोलेना.

या कुटुंबाशी मी सुरुवातीलाच एक कागद केला होता: मी तुमची एजंट आहे, दलाली एवढी, ती कोण देणार, आणि एखाद्या घराच्या मालकाकडूनही मला काही मिळणार असेल तर ते घर दाखवण्याआधी सांगेन. पुष्कळ ठिकाणी हे तोंडीच चालतं. अमेरिकेत १७ ऑगस्ट २०२४ पासून, घरांच्या सामायिक यादीवर काम करणाऱ्या एजंटांनी खरेदीदाराशी लेखी करार केल्याशिवाय घर दाखवायचं नाही असा नियम लागू झाला. कागद असला की पार्टी 'आमचा विचार बदलला' हे न लाजता सांगते, हा मला दिसलेला सगळ्यात मोठा फायदा. नाहीतर लोक एजंटला वाईट वाटेल म्हणून फोन उचलणं बंद करतात.

एव्हाना यादी अशी झाली होती: दोन चांगल्या बेडरूम आणि दाराची एक खोली, मागची बाजू, दुसरा ते चौथा मजला, एक पार्किंग पण चार्जर लावता येईल असं, इमारत जुनी चालेल पण लिफ्ट धड हवी. ऑफिस अर्ध्याऐवजी पाऊण तास, कारण रोज जायचंच नव्हतं. वेबसाइटवर हे शोधायचं कसं? 'तीन बेडरूम' टाकलं तर बजेटबाहेरची घरं येतात, 'दोन बेडरूम' टाकलं तर दाराची खोली नसते. दोन रकान्यांच्या मधे जी घरं असतात ती कोणालाच दिसत नाहीत. एजंटला आजही काम उरलंय ते बरंचसं तिथेच.

मला एक घर आठवलं. तिसरा मजला, मागची बाजू, जाहिरातीत 'दोन बेडरूम, प्रशस्त हॉल'. बरेच महिने पडून होतं. हॉल खरंच प्रशस्त होता, जरा अतीच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खाली बघत फिरले होते, आणि हॉलच्या मधोमध फरशीचा एक आडवा पट्टा मला दिसला होता. चार-साडेचार इंच रुंद, बाकी फरशीपेक्षा किंचित उजळ. वर छतालाही त्याच रेषेत प्लास्टरची शिवण होती. म्हणजे तिथे भिंत होती. मोठ्या हॉलची चलती होती तेव्हा मालकाने ती पाडून तिसरी खोली हॉलमध्ये घातली होती. आणि पाडलेल्या भागाला स्वतःची खिडकी होती, तीही मागच्या अंगणाकडे.

मालकांना मी भेटले. वयस्कर गृहस्थ, हॉलचा फार अभिमान. "ताई, लोक आत येऊन वा वा करतात, मग फोन करत नाहीत." मी सांगितलं की काका, वा वा हॉलला मिळते, पण लोक हल्ली खोल्या मोजतात, त्यातही बंद होणारी दारं मोजतात. त्यांना ते पटलं नाही, पण पडून राहिलेल्या घरासमोर त्यांचा तोरा थोडा उतरला होता. घराचा मूळ मंजूर नकाशा त्यांनी कपाटातून काढून दिला; त्यात ती खोली स्पष्ट होती आणि भिंत निव्वळ आडोशाची होती, भार पेलणारी नव्हती.

दाखवताना मी हॉलबद्दल चकार शब्द काढला नाही. आत नेलं, पट्ट्यावर चिकटपट्टी लावली, दाराच्या जागी अडीच फूट मोकळी सोडली आणि त्यांना पलीकडे जाऊन बसायला सांगितलं. नवऱ्याने लॅपटॉप उघडला, खरंच कॉल लावला. बायको स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवून आली. भिंत नसल्यामुळे अर्थातच सगळं ऐकू आलं, पण तोपर्यंत दोघं तिथे भिंत असल्यासारखी वागायला लागली होती. आजी खिडकीशी गेल्या, कठड्यावर हात टेकून खाली बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "इथे वारा आहे."

नंतरचा भाग नेहमीसारखा. बोलणी दोन बैठकांत झाली. माझ्या वहीतला आकडा मालकांच्या आकड्याच्या बराच खाली होता आणि सौदा वहीच्या जवळ ठरला, कारण भिंत बांधायचा खर्च आमच्या बाजूने मांडता आला. इंजिनिअरने हलक्या ब्लॉकच्या भिंतीला लेखी होकार दिला. टोकन दिल्यावर चौथ्या रात्री नवऱ्याचा फोन आला की मॅडम, जरा वरचा मजला घ्यायला हवा होता का? टोकननंतर असे फोन येतातच. तेव्हा नवं घर दाखवायचं नसतं आणि समजूतही घालायची नसते. मी त्यांनाच विचारलं, वरच्या मजल्यावर यातलं काय मिळालं असतं? थोडा वेळ शांतता होती, मग म्हणाले, "व्ह्यू." आणि फोन ठेवला.

शाळा उघडायच्या आत ते राहायला गेले. भिंत झाली, दार बसलं, तारही पार्किंगपर्यंत गेली. दोन महिन्यांनी सहज चौकशीला गेले तर त्या दाराच्या खोलीत आजींचा पलंग होता. दुपारी त्या तिथे आडव्या झाल्या त्या परत उठल्याच नाहीत म्हणे, खोली सोडायलाच तयार नाहीत. नवऱ्याचं टेबल बेडरूमच्या कोपऱ्यात, कपाट आणि पलंगाच्या मधे. मिक्सर तिथपर्यंत ऐकू येत नाही, पण मुलीचं गाणं येतं.

निघताना नवऱ्याने मला लिफ्टपर्यंत सोडलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, याच इमारतीत एखादी छोटी खोली भाड्याने मिळेल का? दार असलं म्हणजे झालं."